पाडायचं ते पिवळं

जुन्या इमारतीच्या नूतनीकरणाचा नकाशा नगररचना विभागात दाखल होतो तेव्हा त्याला ठरलेले रंग पाळावे लागतात. आज उभं आहे ते काळ्या रेघेत. नव्याने बांधायचं ते लाल रंगाने भरलेलं. पाडायचं त्यावर पिवळ्या तिरप्या रेघा. घर धुळ्याच्या आग्रा रोडवरचं दुमजली लाकडी असो की जळगावच्या जोशी पेठेतलं, कागदावर त्याची हकिकत या तीन रंगांत संपते. तपासणारा अभियंता लालाकडे बारकाईने बघतो. उंची किती, सामासिक अंतर किती, जिना किती रुंद, चटई क्षेत्र किती, हे सगळं मोजलं जातं. पिवळ्याचं मात्र क्षेत्रफळ मांडलं की काम संपतं. तिथे काय होतं, कोणत्या काळचं होतं, कुणाच्या हातचं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

असं का झालं, याचं उत्तर या तपासणीच्या वंशावळीत आहे. अर्जातला जवळपास प्रत्येक रकाना म्हणजे गावाला कधीतरी वाटलेली एक भीती आहे. ओस पडण्याची, पुराची, रोगाची, गर्दीची. खानदेशच्या या दोन शहरांत दोनशे वर्षांत त्या एकेक करून साचत गेल्या.

सुरुवात परवानगीने झालीच नव्हती, आर्जवाने झाली होती. १८०३ मध्ये होळकरांच्या स्वाऱ्या आणि दुष्काळ यांनी धुळं ओस पडलं. पुढच्या वर्षी विंचूरकर सरदारांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळ्याची निवड केली. १८१९ च्या नोंदीप्रमाणे तेव्हा गावात ४०१ घरं होती आणि माणसं २,५०९. पाटाचं पाणी आणि पांझरा नदी यांच्या मधोमध, बागायतीने वेढलेलं लहानसं गाव. महसुलाच्या आणि न्यायाच्या कचेऱ्यांसाठी लांबून कारागीर आणवले गेले, २७,००० रुपये खर्च झाले. व्यापाऱ्यांनी यावं म्हणून घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या गेल्या, आणि पक्कं घर बांधायला उचल रक्कमही. सरकारने घराबद्दल विचारलेला पहिला प्रश्न एवढाच होता : पक्कं बांधणार ना?

जुन्या धुळ्यातली वाकडीतिकडी वस्ती ओलांडून नव्या भागात आलं की सरळ, समांतर गल्ल्या लागतात. त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. या आखणीचं श्रेय धुळ्यात पुष्कळदा अभियंते सर विश्वेश्वरय्यांना दिलं जातं. ते या भागात आले होते आणि पांझरेवरच्या दातर्तीच्या कामाचा उल्लेख त्यांच्या चरित्रात येतो, हे खरं. पण त्यांची नोकरीच १८८४ मध्ये सुरू झाली. तोवर ब्रिग्जने आखलेली ही पेठ साठीच्या पुढे गेली होती.

या पेठांतली घरं एकमेकांना खेटून उभी राहिली. सागवानी खांब, वर तुळया, कडीपाट आणि त्यावर मातीचं धाबं. रस्त्याकडे ओटा, ओट्यामागे दुकान, दुकानामागे राहतं घर. दोन घरांमधली भिंत बहुतेक ठिकाणी सामाईक, कधी दोघांच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या. म्हणजे एकाचं पाडणं हे शेजाऱ्याच्या घरावर केलेलं काम ठरतं. ही गोष्ट पुढच्या सगळ्या नियमांच्या नजरेतून बरीचशी निसटली.

१८५० च्या कायद्याखाली धुळ्यात १८६२ साली आणि जळगावात १८६४ साली नगरपालिका आल्या. जळगावची तर कापसाने धांदल उडवली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि रेल्वेच्या रुळांवरचं जळगाव एकाएकी मोठी बाजारपेठ झालं. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, तरी पेठा उभ्या राहायच्या थांबल्या नाहीत. याच काळात घर ही खासगी गोष्ट उरली नाही. ओटा रस्त्यावर किती येतो, सज्जा किती पुढे झुकतो, पन्हळीचं पाणी कुणाच्या दारात पडतं, यावर नगरपालिका बोलू लागली. १८७२ च्या पुरात पांझरेने धुळ्यातल्या घरांची मोठी हानी केली. पाणी हा प्रश्न पक्का झाला. आज नदीकाठच्या प्रस्तावात निळी आणि लाल पूररेषा दाखवावी लागते, ती याच भीतीची धाकटी बहीण.

१८७३ चा जिल्हा नगरपालिका कायदा आला, मग १८८४ चा, मग १९०१ चा. बांधण्यापूर्वी नगरपालिकेला नोटीस द्यायची, ही रीत या कायद्यांनी रुजवली. मधल्या काळात, १८९६ साली, मुंबईत प्लेग उतरला आणि काही वर्षांत इलाखाभर पसरला. अंधारी खोली, कोंदट माजघर, मागच्या दाराची घाण हे आता मरणाचे पत्ते ठरले. खिडकीचं क्षेत्रफळ, खोलीची उंची, संडासाची जागा, मैला वाहून नेण्यासाठी मागची बोळ, असे रकाने अर्जात शिरले. ते माणसं वाचवण्यासाठी होते, त्यांची थट्टा करण्याचं कारण नाही. पण खानदेशच्या उन्हाळ्यात जे माजघर दुपारी थंड राहायचं ते अंधारं असल्यामुळेच थंड राहायचं, आणि रोगाच्या नजरेने पाहिलं की त्या शहाणपणाचाही दोष होतो.

१९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचं ठाणं धुळं राहिलं, पूर्वेचं जळगाव. दोन्हीकडे गाड्या आणि वर्दळ वाढली तशी चौथी भीती पुढे आली, अरुंद रस्त्याची. त्यावरचा उपाय म्हणजे रस्त्याची नियमित रेषा. नगरपालिकेने रेषा ठरवायची आणि जो मालक घर पाडून नव्याने बांधेल त्याने रेषेच्या मागे सरकायचं. १९१५ चा नगररचना कायदा आणि पुढे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा यांनी या रेषेला विकास योजनेची बैठक दिली.

या साखळीतली सगळ्यात गमतीची कडी इथे आहे. पंधरा फुटांच्या दर्शनी दुकानातली चार-पाच फूट खोल जागा रस्त्याला देणं बाजारपेठेतल्या कुठल्या मालकाला परवडेल? मग तो पाडत नाही. दुरुस्ती करतो. एक तुळई बदलतो, धाब्यावर पत्रा टाकतो, ओट्याला फरशी लावतो. १९६६ च्या कायद्यातही सवलत आहेच : फक्त आतून केलेल्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला विकास परवानगी लागत नाही. त्यात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याची भर पडली. भाडं गोठलं, मालकाला खर्चाची उमेद उरली नाही, भाडेकरूला जागा सोडायची नव्हती. कायदा, मालक आणि भाडेकरू या तिघांच्या अडवणुकीत घर मात्र जागच्या जागी राहिलं. ज्या कायद्यांना जुनं जपायचं नव्हतं त्यांच्या धाकाने जुनं टिकलं. आग्रा रोडवर किंवा जळगावच्या सराफ बाजारात पाट्या आणि पत्र्यांच्या वर मान करून पाहिलं, तर कोरीव कठडे आणि कमानी अजून कुठे कुठे दिसतात. त्यांचं श्रेय कुणा जतनवाद्याचं नाही, रस्त्याच्या रेषेचं आहे.

जुनं घर जुनं म्हणून तपासायचं, हा विचार फार लांबून आला. अमेरिकेत चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये जुना भाग राखीव ठरवून तिथल्या बदलांचे नकाशे पाहायला वेगळं मंडळ नेमलं. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्याने इमारतींची यादी करण्याची व्यवस्था आणली. आपल्याकडचे पुरातत्त्वाचे कायदे किल्ले, लेणी, देवळं यांच्यासाठी होते. राहत्या घराला, चालत्या दुकानाला त्यात जागा नव्हती. ती मुंबईने करून दिली. २१ एप्रिल १९९५ रोजी बृहन्मुंबईची वारसा नियमावली लागू झाली. इमारतींची यादी, तीन श्रेणी आणि नकाशा तपासणारी वारसा समिती. त्याच सुमारास, १९९४ च्या दुरुस्तीने, राज्याच्या नगररचना कायद्यात वारसा इमारत आणि वारसा परिसर या संज्ञा आल्या आणि आतल्या दुरुस्तीची ती जुनी सवलत त्यांच्यापुरती काढून घेतली गेली.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे अपवाद वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यात वारसा जतनाचं प्रकरण आहे, श्रेणी आहेत, समिती आहे. म्हणजे मुंबईसाठी घडवलेलं हत्यार धुळ्या-जळगावच्याही हाती आलं. तिसऱ्या श्रेणीची व्याख्या तर या पेठांच्या अंगाला नेमकी बसते : एकेकटी इमारत थोर नसली, तरी सगळ्या मिळून ज्या वस्तीला तिचं रूप देतात अशा. पण या हत्याराला धार येते ती यादीने. यादीत नाव असलं तरच समिती नकाशा पाहणार. आणि यादीचा विषय निघाला की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण त्याला दिसते ती फक्त बंदी. मोबदला म्हणून मिळू शकणारे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्या जागेवर बांधण्याचे विकता येणारे हक्क, विकले जातात ते जागेला तेजी असलेल्या शहरात. मुंबईत त्यांना गिऱ्हाईक आहे. तालुक्या-जिल्ह्याच्या बाजारात तेच हक्क कोण आणि काय भावाने घेणार, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे क्वचितच असतो.

दुसरी एक यादी मात्र दरवर्षी न चुकता निघते. २००३ मध्ये जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्या धोकादायक इमारतींची यादी काढून नोटिसा लावतात. २०१५ पासून राज्यात अशा इमारतींची चार गटांत वर्गवारी होते : सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करा, सी-२बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या गटांतला फरक संरचनेच्या तपासणीवर ठरतो, आणि आजची तपासणी शिकलेला अभियंता मुख्यतः सिमेंट-लोखंडाचा जाणकार असतो. सागाच्या खांबाचा बुडखा कुजला असेल तर तेवढाच कापून सांधता येतो, हे सुताराला माहीत असतं. अहवालात सुताराची सही नसते. धाब्याचं ओझं उतरवलं तर तुळया आणखी पन्नास वर्षं काढतील, असं लिहायला जागा नसते. भिंत मातीची, वय शंभरच्या पुढे, एवढ्यावर सी-१ चा शिक्का सोपा जातो. त्यात भाडेकरू काढण्याची घाई असलेला मालक भेटला, तर तो शिक्का दोघांनाही गैरसोयीचा वाटत नाही.

म्हणजे एकाच घराचं नाव दोन याद्यांत येऊ शकतं, आणि आधी येतं ते धोकादायकांच्या. वारशाची यादी हरकती-सूचनांच्या वाटेने, सवडीने चालते. नोटिशीला पावसाची घाई असते.

आता तपासणीही बदलली आहे. नकाशा संगणकावर दाखल होतो, क्षेत्रफळं आणि अंतरं यंत्रच मोजतं. १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडावर, कमी जोखमीच्या बांधकामाला तर नकाशा आणि शुल्काची पावती हीच परवानगी समजली जाते. सामान्य माणसाची हेलपाट्यांतून सुटका झाली, हे चांगलंच. पण जुन्या पेठांतले भूखंड बहुतेक याच मापाचे आहेत. जिथे प्रश्न विचारायला हवा होता तिथे आता प्रश्नच नाही. भाव चढले, रेषेला दिलेल्या जागेच्या बदल्यात वर मजला मिळू लागला, तेव्हा इतकी वर्षं घरं ज्या फटीत टिकली ती फटही बुजत चालली.

सगळं टिकवा असं म्हणण्यात अर्थ नाही. कुजलेल्या तुळईखाली कुणी झोपावं, असं वारशाच्या नावाने सांगता येत नाही. मागणी त्याहून लहान आहे आणि नव्या कायद्याशिवाय पुरी होण्यासारखी आहे. पाडण्याचा प्रस्ताव आला की उभ्या घराचा मोजणी केलेला नकाशा, आतले-बाहेरचे फोटो, आणि सामाईक भिंतीच्या आधाराची योजना अर्जासोबत मागावी. वास्तुविशारद जागेवर जातोच. एक दिवस जास्त लागेल. सी-१ ठरवण्यापूर्वी लाकडी बांधणीच्या घरासाठी लाकूड जाणणाऱ्याचं मत जोडावं.

हे धुळ्याने सगळ्यांत आधी करायला हवं, कारण कागद जपण्याचं मोल या गावाला ठाऊक आहे. गावोगावच्या घरांतून दप्तरं गोळा करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ या शहराने उभारलं. राजवाड्यांनी घर वाचवण्याचा आग्रह धरला नव्हता. घर पडण्याआधी त्यातला पुरावा बाहेर काढण्याचा धरला होता. परवानगीच्या अर्जात पाडायच्या घराचा एक नकाशा जास्त मागितला, तर दहा वर्षांत प्रत्येक पेठेचं दप्तर तयार होईल. वारशाची यादी करायला बसणाऱ्यांना मग अंदाजाने नव्हे, पुराव्याने बोलता येईल. आणि मालकालाही कळेल की आपण नेमकं काय पाडतो आहोत.