भित्तिसजावट, गृहांतर्गत
घराच्या भिंती चित्रे, आरसे वा शोभिवंत वस्तूंनी अलंकृत करण्याची कला. महाराष्ट्रात तिचे दोन प्रवाह आढळतात : एक मातीच्या घरांतील प्रासंगिक लेखनाचा व दुसरा वाड्यांतील कायम सजावटीचा.

मातीच्या भिंतीला शेणमातीचे सारवण वरचेवर द्यावे लागते. भंडाऱ्यानजीक वैनगंगेकाठी वसलेल्या कारध्यासारख्या भातपट्ट्यातील गावांच्या पारंपरिक घरांनाही हे लागू पडते. नव्या सारवणाखाली जुने चित्र झाकले जात असल्याने, अशा भिंतीवरील चित्र टिकविण्यापेक्षा ते प्रसंगी पुन्हा काढण्याला महत्त्व आले. वारली जमातीत विवाहप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर ‘चौक’ लिहीत व त्यात पालघट देवीची आकृती रेखाटीत. येथे चित्र हे शोभेपेक्षा विधीचे अंग होते.

वाड्यांतील सजावटीचा हेतू वैभवदर्शन हा होता. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये पायाभरणी केलेल्या पुण्याच्या शनिवारवाड्यात आरसेमहाल होता. तेथील भिंती रंगविण्याचे काम पुढे जयपूरच्या भोजराज या चित्रकाराने केले. आरशांचा उपयोग केवळ शोभेपुरता नव्हता. समया व झुंबरे यांचा प्रकाश परावर्तित होऊन दालने अधिक उजळत. १८२८ च्या आगीत वाड्याचा बहुतेक अंतर्भाग नष्ट झाला. दिल्ली दरवाजाच्या परिसरात मात्र भित्तिचित्रांचे अवशेष राहिले. वाईजवळील मेणवली येथील नाना फडणीसांच्या वाड्यातही भित्तिचित्रे आहेत. काचेच्या मागील बाजूस रंगविलेली चित्रेही श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लावली जात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचे नमुने आहेत.

एकोणिसाव्या शतकात ही सजावट मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. १८३५ मध्ये लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढविण्याची रीत शोधली ; पुढे तिच्यामुळे आरसे स्वस्त झाले. पुण्यातील चित्रशाळा (१८७८) व राजा रविवर्मा यांनी मुंबईत काढलेला छापखाना (१८९४) यांच्या रंगीत चित्रांमुळे देवदेवता व पुराणप्रसंग चौकटीत बसून सामान्यांच्या ओटी-माजघरात आले. परिणामी भिंतीवर चित्र लिहिण्याऐवजी ते विकत आणून टांगण्याची प्रथा रूढ झाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच्या उलट घडले. १९७० नंतर वारली चित्रे भिंतीवरून कागदावर व कापडावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांनी त्यांना स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. आता ही चित्रे शहरी दिवाणखान्यांत शोभेसाठी लावली जातात. त्यामुळे कलेला बाजारपेठ लाभली. तथापि ज्या विवाहविधीतून व ज्या स्त्रियांच्या हातून ती जन्मली, त्यांच्याशी असलेले तिचे नाते सैल झाले. सिमेंटच्या भिंती वाढल्याने सारवण व त्यावरील लेखनही मागे पडत आहे. अशा चित्रांचे जतन म्हणजे केवळ आकृतींची नक्कल नव्हे, तर ती काढण्याचा प्रसंग व रीत यांचीही नोंद होय.