पायी मोजलेलं शिआन

"हर्षवर्धनाच्या काळात युआन श्वांग हा चिनी प्रवासी भारतात आला." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, त्याची गणती नाही. आमच्या लहानपणच्या पुस्तकांत त्याचं नाव ह्युएनत्संग असं छापलेलं असे. तो कुठून निघाला, परत कुठे गेला आणि इथून नेलेल्या पोथ्यांचं त्याने पुढे काय केलं, हे परीक्षेत कधी विचारत नसत. त्यामुळे शिकवणाराही तिथेच थांबे. तो निघाला चांगआनहून आणि सोळा-सतरा वर्षांनी परतला तोही चांगआनलाच. त्या चांगआनचं आजचं नाव शिआन.

२०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिथे सहा दिवस राहून आलो. निवृत्तिवेतनातला प्रवास, त्यामुळे निघण्यापूर्वीच दोन नियम ठरवले होते. दिवसाला एकच तिकीट काढायचं आणि जिथे चालता येईल तिथे चालायचं. एक युआन म्हणजे तेव्हा साधारण दहा-अकरा रुपये. तटाच्या आत एका गल्लीत साधी खोली घेतली. शहरातली बस एक-दोन युआनची, तेवढी नाणी चढताना पेटीत टाकायची. खोलीवर, स्टेशनवर, कुठेही उकळतं पाणी फुकट मिळतं, त्यामुळे चहाची पुडी आणि थर्मास जवळ असला की चहाचा खर्च मिटला. आम्ही शाकाहारी, पण अडलं नाही. लियांगपी नावाच्या थंडगार रुंद शेवया असतात, वर व्हिनेगर आणि लाल मिरचीचं तेल. सकाळी चिकट भात आणि चिनी बोरं एकत्र वाफवलेला गोड पदार्थ हातगाडीवर मिळे. तो एकदा खाल्ला की दुपारपर्यंत काळजी नाही.

सगळ्यात महाग तिकीट मातीच्या सैनिकांचं. १९७४ मध्ये विहीर खणताना सापडलेलं ते सैन्य शहराबाहेर आहे. तिथे पूर्ण दिवस जातो, आणि दोघांच्या तिकिटांत आमचं तीन-चार दिवसांचं जेवणखाण निघत होतं. आम्ही गेलो नाही. हे ऐकून नातेवाईकांनी कपाळाला हात लावला. "शिआनला जाऊन ते बघितलं नाही, मग बघितलं काय?" हा लेख म्हणजे त्याचंच उत्तर.

पहिल्या दिवशी बघितला तट. शिआनचा तट मिंग राजवटीतला, १३७० नंतर बांधलेला. उंची बारा मीटर, लांबी जवळजवळ चौदा किलोमीटर. वर चढायला तिकीट आहे, पण तटाच्या पायथ्याशी खंदकाच्या काठाने सलग बाग केली आहे, ती सगळ्यांना मोकळी. पहाटे तिथे माझ्याच वयाची निवृत्त मंडळी जमतात. कोणी व्यायाम करतं, कोणी त्या भागातल्या नाटकातली पदं चढ्या आवाजात म्हणतं. काही जण हातभर लांब कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर सुंदर अक्षरं काढतात. ओळ संपेपर्यंत पहिली अक्षरं वाळून गेलेली असतात. खडूने हात पांढरे करण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे बघताना काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

तट बघून वाटतं, केवढं मोठं शहर! पण हा तट जेवढी जागा वेढतो ती आहे सुमारे बारा चौरस किलोमीटर. सातव्या शतकातलं तांग राजवटीचं चांगआन होतं चौऱ्यांऐशी चौरस किलोमीटर. म्हणजे हे सात पट. पूर्व-पश्चिम साडेनऊ किलोमीटरच्या वर, दक्षिणोत्तर साडेआठच्या वर. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते, त्यांतला मुख्य रस्ता दीडशे मीटर रुंद. रस्त्यांमधल्या प्रत्येक चौकोनाला स्वतःची भिंत आणि दारं. अशा वस्त्या शंभराच्या वर होत्या. संध्याकाळी नगारे वाजले की दारं बंद, आणि त्यानंतर मोठ्या रस्त्यावर सापडणाऱ्याला फटके.

कागदावरचे हे आकडे मला पाठ होते. ते कळले मात्र पायांना. दक्षिण दरवाजातून बाहेर पडून आम्ही हंसाच्या मोठ्या मनोऱ्याकडे चालत निघालो. वाटेत धाकटा मनोरा लागतो, मग बराच वेळ नुसत्या इमारती आणि दुकानं, आणि चार-पाच किलोमीटरांनी मोठा मनोरा येतो. आज तो तटापासून इतका लांब आहे की उपनगरातच आलो असं वाटावं. पण युआन श्वांगच्या वेळी तो शहराच्या तटाच्या आत होता, आणि शहर त्याच्याही पुढे पसरलेलं होतं. टॅक्सीने गेलो असतो तर दहा-पंधरा मिनिटांत पोचलो असतो आणि हे लक्षातही आलं नसतं.

मग एवढं शहर गेलं कुठे? त्याचा थोडा अंश पश्चिम बाजाराच्या संग्रहालयात बघायला मिळाला. हे संग्रहालय जुन्या बाजाराच्या जागेवरच उभारलं आहे आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे तिकीट नव्हतं. समरकंद-बुखाऱ्याकडचे सोग्दी व्यापारी याच बाजारात येत. दुपारी तीनशे नगारे वाजले की बाजार उघडायचा, सूर्यास्ताआधी तीनशे घंटा झाल्या की मिटायचा. उत्खननात सापडलेला रस्ता तिथे काचेखाली जपला आहे आणि त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या दिसतात. चाकोरी हा शब्द आपण नेहमी कंटाळ्याच्या अर्थाने वापरतो. बाराशे वर्षांपूर्वीची खरी चाकोरी पहिल्यांदाच बघितली.

बाकीचं शहर ९०४ मध्ये संपलं. झू वेन नावाच्या सेनापतीने सम्राटाला राजधानी लोयांगला हलवायला भाग पाडलं. वाडे, कचेऱ्या, घरं पाडून त्यांचं लाकूड वेई नदीत सोडलं आणि प्रवाहाबरोबर खाली नेलं. जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक शहर असं ओंडके होऊन वाहून गेलं. त्या जुन्या तटांच्या आत आज तांग काळचं म्हणून ठळकपणे उभं दिसतं ते म्हणजे हे दोन हंस-मनोरे. आणि दोन्हींचा संबंध भारतातून आणलेल्या पोथ्यांशी आहे. मोठा युआन श्वांगच्या पोथ्यांसाठी बांधला. धाकटा आठव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याच्या मठात इत्सिंगने भाषांतरं केली. १५५६ च्या भीषण भूकंपात धाकट्याचे वरचे मजले पडले, पंधराचे तेरा राहिले, तरी तो उभा आहे.

आता युआन श्वांगच्या प्रवासखर्चाबद्दल. हा माणूस ६२९ च्या सुमारास निघाला तो सरकारी परवानगीशिवाय. सरहद्द ओलांडायला बंदी होती, त्यामुळे दिवसा लपायचं आणि रात्री चालायचं. वाळवंटाच्या तोंडाशी त्याला एक म्हातारा भेटला. म्हाताऱ्याकडे एक रोडका, वयस्कर, तांबडा घोडा होता, पण तो पंधरा वेळा त्या वाटेने जाऊन आलेला होता. युआन श्वांगने आपला चांगला घोडा देऊन तो घेतला. पुढे वाळवंटात पाण्याची पखाल हातातून सुटून सांडली. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी तो म्हातारा घोडाच वाट सोडून आपल्या मनाने वळला आणि गवत-पाण्यापाशी जाऊन उभा राहिला. बौद्ध धर्माचा एवढा मोठा ग्रंथसंग्रह चीनला मिळाला, त्यात त्या घोड्याचा वाटा आहे.

पुढे तुर्फानजवळच्या गाओचांगच्या राजाने त्याला आग्रहाने ठेवून घेतलं, इतकं की सोडेचना. तेव्हा याने चक्क अन्नपाणी सोडलं. राजा नमला आणि त्याने वीस वर्षं पुरेल एवढं सोनं, चांदी, रेशीम बरोबर दिलं. म्हणजे चोरून, रिकाम्या हाताने निघालेल्या माणसाचा पुढचा खर्च एका उपोषणातून निघाला!

६४५ मध्ये तो परतला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. ते आगीपासून वाचावेत म्हणून त्याला उंच दगडी मनोरा हवा होता. सम्राट गाओझोंगने कळवलं की काम फार मोठं आहे, लवकर पुरं होणार नाही, विटांचा बांधा. खर्चासाठी राजवाड्यांतल्या मृत व्यक्तींचे कपडे आणि चीजवस्तू देऊ केल्या. पन्नाशीतला युआन श्वांग स्वतः टोपल्यांतून विटा वाहत होता, असं त्याच्या चरित्रात लिहिलं आहे. ६५२ चा तो पहिला मनोरा पाच मजली, आत माती आणि बाहेरून वीट. पन्नास वर्षांत तो ढासळला. मग सम्राज्ञी वू झेत्यान यांच्या काळात पुन्हा बांधला गेला आणि मिंग काळात त्याला बाहेरून विटांचं आवरण चढलं. आज सात मजले आहेत, चौसष्ट मीटर.

त्या दिवसाचं तिकीट आम्ही इथे खर्च केलं. वर चढायचे पैसे वेगळे होते, म्हणून खाली अंगणातच बसलो. आणि माझ्या मनात सारखं एकच येत होतं. महाराष्ट्राचं परक्या माणसाने केलेलं सर्वांत जुनं सविस्तर वर्णन याच शहरात, ६४६ मध्ये, कागदावर उतरलं. तो आपल्याकडे ६४० च्या सुमारास येऊन गेला होता. त्याने लिहिलं की इथले लोक मानी आणि लढवय्ये आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणून बायकांचे कपडे देतात. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं जे वर्णन त्याने केलं, ते अजिंठ्याचं मानलं जातं.

आणि तो लिहितो की हर्षाने मोठं सैन्य घेऊन चाल केली, तरी इथल्या पुलकेशी राजाला तो जिंकू शकला नाही. हीच गोष्ट ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आहे. पण तो लेख रविकीर्तीचा, पुलकेशीच्याच पदरच्या कवीचा. तो आपल्या राजाची बाजू घेणारच. युआन श्वांगचं तसं नव्हतं. तो हर्षाचा सन्मानित पाहुणा होता, हर्षाचं त्याने तोंडभरून कौतुक केलं आहे. तरीही यजमानाचा कमीपणा त्याने लपवला नाही. साक्ष कोणाची मोलाची, असं वर्गात विचारण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

शेवटून दुसऱ्या दिवशी शहराबाहेर सुमारे वीस किलोमीटरवरच्या शिंगजिआओ मठात गेलो. बसने गेलो, पुढचा चढ चालून. ६६४ मध्ये युआन श्वांग वारला आणि ६६९ मध्ये त्याच्या अस्थी इथे आणल्या गेल्या. पाच मजली विटांची समाधी, शेजारी दोन शिष्यांच्या लहान समाध्या. त्यांतला एक शिष्य कोरियाचा. समोर खाली शेतं, पलीकडे डोंगराची निळी रांग. आमच्याशिवाय तिथे चार-पाच माणसं असतील. २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीची तयारी चालू असताना भिक्षूंची राहण्याजेवण्याची नवी बांधकामं पाडायचं घाटत होतं. देशभर ओरड झाली आणि ते थांबलं. २०१४ मध्ये दोन्ही हंस-मनोरे आणि हा मठ, रेशीम मार्गाचा भाग म्हणून यादीत आले. स्वयंपाकघराशिवाय मठ म्हणजे नुसतं स्मारक झालं असतं. आम्ही गेलो तेव्हा आतून शिजणाऱ्या भाजीचा वास येत होता आणि एक तरुण भिक्षू अंगण झाडत होता.

परतल्यापासून तो सातव्या शतकातला माणूस मला जास्त जवळचा वाटतो. सम्राट, सेनापती, सात पट मोठं शहर, सगळं गेलं. त्याने मात्र उरलेली एकोणीस वर्षं बसून पंचाहत्तर ग्रंथांचं भाषांतर केलं. त्यांतल्या कित्येकांचे संस्कृत मूळ पाठ आपल्याकडे नष्ट झाले आणि चिनीत शिल्लक राहिले. आपल्या घरची हरवलेली वस्तू शेजाऱ्याने तेराशे वर्षं नीट सांभाळून ठेवावी, तसं हे आहे.

तेव्हा मंडळी, पैसे बेताचे असले तरी शिआनला जरूर जा. बूट मात्र चांगले घ्या, तिथे काटकसर करू नका.