कुरड्यांवरचा दगड

बल्लारपूरला मामाच्या घराच्या गच्चीवर एक दगड असायचा. तांबूस रंगाचा, तळहाताहून थोडा मोठा, एका बाजूने अगदी सपाट. मामी उन्हाळ्यात कुरड्या, पापड वाळत घालायची तेव्हा जुन्या साडीच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायची, त्यातला हा एक. बाकीचे तीन रस्त्यावरचे कुठलेही असत. हा मात्र ठरलेला. कारण त्याच्या सपाट बाजूवर एक पान होतं. जिभेसारखं लांबट, मधोमध एक जाड शीर आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना निघालेली बारीक शिरांची जाळी. कोणीतरी दाभणाने कोरून काढावं तसं.

मामा कोळसा खाणीत सर्व्हेअर होता. हा दगड त्याने कधीतरी कामावरून येताना उचलून आणला होता. आमच्या घरातल्या मंडळींना तो चांगला आठवत असेल, निदान त्याच्यावर ठेच लागलेली तरी आठवत असेल :)

मी आठवीत असतानाची गोष्ट. मे महिना, रात्रीची जेवणं गच्चीवर चाललेली, सगळी भावंडं जमलेली. मामाने तो दगड हातात घेतला आणि म्हणाला, "हे जे पान आहे नं, हे दक्षिण ध्रुवाकडे पण सापडलं आहे. तिथे आणि इथे एकच जंगल होतं." मी त्या वर्षी भूगोलात पहिला आलो होतो, त्यामुळे जगाचा नकाशा माझ्या खिशातच होता म्हणा ना. मी म्हणालो, "मामा, तिथे बर्फ असतो. झाडं कुठून येणार? आणि मधला समुद्र पान काय पोहत पार करून आलं?" सगळे हसले. मामाही हसला. मग त्याने दगड हळूच साडीच्या कोपऱ्यावर परत ठेवला आणि आमरसाची वाटी पुढे ओढली. पुढे तो माझ्यासमोर त्या पानाबद्दल कधी बोलला नाही.

तर, त्या पानाची गोष्ट.

त्याचं नाव ग्लॉसॉप्टेरिस. ग्रीकमध्ये ग्लॉसा म्हणजे जीभ. फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ अडॉल्फ ब्रोंन्यार यांनी १८२८ मध्ये हे नाव दिलं, आणि त्यांच्यासमोर तेव्हाच भारतातले आणि ऑस्ट्रेलियातले असे दोन्हीकडचे नमुने होते. म्हणजे कोडं पहिल्या दिवसापासूनच टेबलावर होतं. पुढे तेच पान दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत सापडत गेलं. आपल्याकडे नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आसपासच्या दगडांतून असे अवशेष गोळा करत हिंडत होते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव आहे ते त्यांचंच. नागपूरजवळच्या कामठीचं नाव तर खडकांच्या एका अख्ख्या थराला मिळालं आहे, आणि त्या थरात ही पानं आहेत.

या सगळ्या खडकांना एक नाव हवं होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये 'गोंडवाना' हे नाव योजलं. गोंडांचा मुलूख म्हणून गोंडवन. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी, तिथला परकोट आजही उभा आहे. पुढे १८८५ मध्ये व्हिएन्नाचे एडुआर्ड स्यूस यांनी ते नाव उचललं आणि थेट एका हरवलेल्या भूखंडाला लावलं, गोंडवानालँड. आता गोंडवन म्हणजेच गोंडांचं वन, त्याला पुन्हा वर लँड, म्हणजे 'लिंबाच्या झाडाचं झाड' म्हणण्यासारखंच झालं. म्हणून हल्ली बरेच शास्त्रज्ञ नुसतं गोंडवाना म्हणतात. पण गंमत बघा, पृथ्वीवरच्या एका अवाढव्य खंडाला नाव मिळालं ते आपल्या शेजारच्या जंगलात राहणाऱ्या माणसांचं. त्यांना ते कोणी विचारलं नाही, आणि बहुतेकांना सांगितलंही नाही.

स्यूस यांची कल्पना अशी होती की या सगळ्या जमिनी एकेकाळी सलग होत्या आणि मधला भाग खचून समुद्रात बुडाला. खंड जागच्या जागीच होते, मधला पूल तेवढा गेला. त्याआधी १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर यांनी लेमूर नावाच्या प्राण्यासाठी मादागास्कर आणि भारत यांच्यामध्ये असाच एक बुडालेला प्रदेश कल्पिला होता, त्याचं नाव लेम्युरिया. अडचण आली की एक खंड बुडवायचा, असा तो काळ होता.

मग १९१२ साल उजाडलं. ६ जानेवारीला फ्रँकफर्टमध्ये आल्फ्रेड वेगनर नावाच्या एका तरुण हवामानशास्त्रज्ञाने भाषण केलं की बुडालं काहीच नाही, खंडच सरकले. त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जानेवारीला, कॅप्टन स्कॉट आणि त्याचे चार साथीदार दक्षिण ध्रुवावर पोचले, तर तिथे नॉर्वेचा झेंडा आधीच लागलेला. हरलेली, थकलेली ती माणसं परत फिरली. फेब्रुवारीत बियर्डमोर हिमनदीच्या कडेला, माउंट बकलीच्या पायथ्याशी ते थांबले आणि एडवर्ड विल्सन याने दगड गोळा केले. साधारण १६ किलो. अंगात त्राण नाही, अन्न संपत आलेलं, गाडी स्वतःच ओढायची, आणि तरी ते दगड त्यांनी टाकले नाहीत. पाचातले दोघे वाटेत गेले, उरलेले तिघे तंबूत. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तो तंबू सापडला तेव्हा दगड त्यांच्या सामानात होते. त्यात ग्लॉसॉप्टेरिसची पानं होती.

कॉलेजात असताना लायब्ररीत मी हे पहिल्यांदा वाचलं. मला बल्लारपूरची गच्ची आठवली आणि कान गरम झाले.

आता हे खंड एकत्र आले कसे आणि फुटले कसे, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

गोंडवाना मुळात एकसंध जन्मला नव्हता. त्याच्याही आधी रोडिनिया नावाचा एक महाखंड होता. तो साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वीपासून फुटू लागला. त्याचे तुकडे इकडेतिकडे फिरले, मधले समुद्र आटत गेले आणि सुमारे ६० ते ५३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांचे तुकडे एकमेकांवर आदळून जोडले गेले. जिथे आदळले तिथे हिमालयासारखे डोंगर उठले. ते कधीच झिजून गेले, पण त्यांची मुळं शिल्लक आहेत, पूर्व आफ्रिकेत, मादागास्करमध्ये, श्रीलंकेत आणि आपल्या केरळ-तामिळनाडूत. तिथले काही खडक खोल जमिनीत भाजून निघाले ते याच काळात. म्हणजे सांधे अजून दिसतात.

पुढे सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी हा गोंडवाना उत्तरेकडच्या खंडांना जाऊन भिडला आणि पँजिया नावाचा आणखी मोठा महाखंड झाला. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाच्या अंगाला होता. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आपल्या या चंद्रपुरावर बर्फाच्या नद्या सरकत होत्या. मे महिन्यात चंद्रपूरला गेलेल्या कोणालाही हे वाक्य दोनदा वाचावं लागेल. पण पुरावा आहे. ओडिशात तालचेरला १८५६ मध्येच हिमनदीने आणून टाकलेले गोटे ओळखले गेले होते. आणि चंद्रपूरजवळ इरईच्या बाजूला नदीच्या पात्रात जुन्या चुनखडीवर बर्फाने ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत. फ्रान्सिस फेडन यांनी ते १८७५ मध्ये छापून प्रसिद्ध केले. मामाला हे माहीत असणार, तो सगळा भाग त्याच्या पायाखालचा होता.

बर्फ वितळला आणि त्या थंड, दलदलीच्या जमिनीवर ग्लॉसॉप्टेरिसची जंगलं वाढली. पानझडीची झाडं, पानांचा खच पडणारा. आणि नेमक्या याच काळात जमिनीला ताण बसून लांबच लांब भेगांसारख्या दऱ्या खचत होत्या: दामोदर, महानदी, सोन, आणि आपली वर्धा-गोदावरीची. खचत्या दरीत पाला साचला, त्यावर वाळू-गाळ, पुन्हा पाला, पुन्हा गाळ. त्याचा कोळसा झाला. भारतातला कोळसा नद्यांच्या खोऱ्यांच्या पट्ट्यातच का, याचं उत्तर हे आहे. बल्लारपूर, माजरी, उमरेड ही सगळी गावं या जुन्या भेगांवर बसली आहेत. इथे खंड फुटू पाहत होता, पण फुटला नाही.

फुटला तो नंतर, आणि दुसरीकडे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिकाच्या भागात प्रचंड लाव्हा वर आला. इतकी मोठी जमीन एका जागी गोधडीसारखी पसरली की खालची उष्णता कोंडते, आणि कडेला समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात बुडताना जमिनीला ओढत असतो. दोन्ही मिळून खंड फाटतो. आधी आफ्रिका-दक्षिण अमेरिकेचा पश्चिम भाग आणि आपला पूर्व भाग वेगळे झाले. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारताने अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाचा हात सोडला. मादागास्कर मात्र अजून सोबत होतं. ते सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटलं. उडुपीजवळ सेंट मेरीज बेटांवर जे खांबांसारखे उभे खडक बघायला लोक जातात, ते त्या ताटातुटीच्या वेळचे. मग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनचा लाव्हा वाहिला, त्यातून सह्याद्री झाला. त्यापाठोपाठ सेशेल्स बेटंही मागे राहिली. भारत एकटा उत्तरेकडे निघाला, त्या काळी वर्षाला १५ सेंटीमीटरहून जास्त वेगाने, खंडाच्या मानाने ही धावच. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि हिमालय उठू लागला. ते ढकलणं अजून थांबलेलं नाही, वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर. नखं वाढतात त्याहून थोडं जास्त.

म्हणजे पुण्या-नाशिकची मंडळी राहतात ती या ताटातुटीच्या लाव्ह्यावर. त्याच्याखालचं जुनं काही त्यांना दिसत नाही. विदर्भात पूर्वेकडे हे पांघरूण संपतं, म्हणून मामाला ते पान सापडलं.

वेगनर यांचं पुढे काय झालं? १९१५ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि बहुतेक मोठ्या भूवैज्ञानिकांनी ते उडवून लावलं. खंड सरकवणारी शक्ती कुठली, याला त्यांच्याकडे पटणारं उत्तर नव्हतं, हे खरंच होतं. पण पुरावाही खरा होता. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यू टॉइट यांच्यासारखे थोडे लोक ठामपणे त्यांच्या बाजूने राहिले. त्यांच्या पायाखाली हेच गोंडवानाचे खडक होते, कदाचित म्हणून. वेगनर नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात वारले, नुकतीच पन्नाशी झाली होती. उत्तर मिळालं ते १९६० च्या दशकात, समुद्राच्या तळावर. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की मधल्या डोंगररांगेच्या दोन्ही बाजूंना समुद्रतळ नव्याने तयार होत पसरत जातो. आणि त्यांनी तपासलेली डोंगररांग कुठली? कार्ल्सबर्ग रांग. आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेची, भारताला आफ्रिकेपासून दूर लोटणारी. त्यानंतर हसणारे हळूहळू गप्प झाले.

मी गप्प झालो तो त्याच्या कितीतरी नंतर. आणि नुसताच गप्प झालो, हीच खंत आहे. कॉलेजनंतरही कित्येक वर्षं मी बल्लारपूरला जात होतो. मामा निवृत्त झाला, गुडघे गेले, गच्चीवर चढणं बंद झालं. प्रत्येक वेळी मनात यायचं की सांगावं, मामा, तू बरोबर होतास. पण इतक्या जुन्या गोष्टीचं काय काढायचं, असं म्हणून ते राहून गेलं. चार सर्वांदेखत हसायला मला एक मिनिट पुरलं होतं. एकट्याशी एक वाक्य बोलायला वीस वर्षं पुरली नाहीत.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. या मे महिन्यात मामी घर आवरत होती, कायमची पुण्याला मुलाकडे जायची म्हणून. मी मदतीला गेलो होतो. गच्चीवर दगड होताच, कोपऱ्यात, पान वर करून. मी तो खाली घेऊन आलो, मामीसमोर बसलो आणि हे सगळं तिला सांगितलं. स्कॉट, वेगनर, सगळं. शेवटी म्हणालो, "मामी, मामा बरोबर होता."

मामी जुन्या पेपरात वाट्या गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले माहीत होतं नं बाबू. तुलेच माहीत नव्हतं."

मग तिने हात पुढे करून दगड मागितला, एका पेपरात गुंडाळला आणि वाट्यांच्याच खोक्यात ठेवला. पुण्याच्या फ्लॅटला गच्ची नाही. पण बाल्कनी आहे म्हणे, चार कुरड्यांपुरती.