सहा गठ्ठ्यांची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. आजोबा वारले आणि त्यांच्या नावची थोडी जिरायत जमीन अब्बांच्या नावावर चढवायची होती. वारस नोंदीचा अर्ज अब्बांनी एका सरकारी कचेरीत दिला आणि हेलपाटे सुरू झाले. दुकान बंद ठेवून ते सकाळी सायकलवर जायचे, उन्हं उतरताना परत यायचे. अम्मी दारातूनच विचारायची. टोपी खुंटीला अडकवत अब्बा म्हणायचे, ''कागद मिलता नहीं बोलते.''

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथला कारकून उद्धट नव्हता. त्यानं अब्बांना बसायला बाकडं दिलं, पाणी दिलं. पण त्याच्या पाठीमागे कपाटावर, कपाटाखाली, खिडकीत, सगळीकडे फडक्यात बांधलेली दप्तरं होती. त्या ढिगात अब्बांचा अर्ज नेमका कुठे आहे, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी अब्बांनी नवा अर्ज लिहून दिला.

माणूस चांगला असूनही काम होत नाही, असं का? हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ वर्षं राहिला. त्याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यानं दिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

१९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना नावाचे सनदी अधिकारी नगरला जिल्हाधिकारी होते. जिल्हाधिकारी कचेरी म्हणजे महसूल, पुरवठा, निवडणूक, टंचाई, जमिनीचे वाद, अशा सगळ्या कागदांचा संगम. लखिनांनी काही नवा कायदा आणला नाही. कचेरीचं काम कसं चालावं याचे बहुतेक नियम इंग्रजांच्या काळापासून छापील पुस्तकांत होतेच. ती पुस्तकं मात्र कपाटात होती. लखिनांनी ते नियम कपाटातून काढून कारकुनाच्या टेबलावर आणले. जुने कागद निवडले गेले, ठेवायचे ते नीट बांधले गेले, टाकायचे ते टाकले गेले. बसण्याची व्यवस्था बदलली. आणि प्रत्येकाला आपल्या टेबलावरच्या कागदांची एक साधी शिस्त लावून दिली गेली. महाराष्ट्रातल्या कचेऱ्या तिला 'सहा गठ्ठे पद्धत' म्हणून ओळखतात.

ही पद्धत समजायला पदवी लागत नाही. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांवर आपल्यालाच काम करायचं आहे ती प्रकरणं. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र पाठवलं आहे आणि दुसऱ्याकडून उत्तर यायचं आहे अशी. तिसऱ्यात नियतकालिकं, म्हणजे दर आठवड्याला, महिन्याला किंवा वर्षाला वरच्या कचेरीला पाठवायची विवरणपत्रं. चौथ्यात स्थायी आदेश, शासनाचे निर्णय आणि परिपत्रकं. पाचव्यात काम संपलेले आणि अभिलेख कक्षात जायचे कागद. सहाव्यात मुदत संपल्यावर नष्ट करायचे. अभिलेखांचेही वर्ग ठरलेले: 'अ' वर्गाचे कायमचे जपायचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षं, 'क' वर्गाचे त्याहून कमी, आणि 'ड' वर्गाचे वर्षभरानं काढून टाकायचे.

वरवर पाहता ही नुसती आवराआवर वाटते. पण दुसऱ्या गठ्ठ्याकडे जरा थांबून पाहा. 'आम्ही वर लिहिलंय, उत्तर आलं नाही' हे कचेरीतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत सुरक्षित उत्तर. उत्तर आलं नाही, म्हणजे माझी जबाबदारी संपली! प्रतीक्षेतल्या कागदांचा वेगळा गठ्ठा झाला, की तो ठराविक दिवशी उघडावा लागतो आणि स्मरणपत्र पाठवावं लागतं. थांबलेला कागद विसरलेला कागद होत नाही. अब्बांचा अर्ज कोणी मुद्दाम दडवला नव्हता. 'करायचं', 'थांबलेलं' आणि 'संपलेलं' हे तिन्ही एकाच फडक्यात बांधलं गेलं, म्हणून तो हरवला होता.

त्याच्या जोडीला कारकुनाची कार्यविवरण नोंदवही आणि आठवड्याचा गोषवारा. किती कागद आले, किती निकाली निघाले, किती उरले, एवढे तीन आकडे. ते वरिष्ठानं दर आठवड्याला पाहायचे. साहेब रागीट आहे की प्रेमळ, यावर काहीच अवलंबून नाही. आकडे साहेबाला दिसतात तसेच कारकुनालाही दिसतात.

जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. लखिनाही बदलून गेले. पण 'लखिना पॅटर्न' हे नाव घेऊन ती पद्धत नगरच्या बाहेर, राज्यभरच्या कचेऱ्यांत पोचली. करणारा गेल्यावर केलेलं मागे राहणं ही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट आहे. पण नगरच्या मातीला ती अगदीच नवी नाही.

चारशे वर्षं मागे जाऊ. १६०० मध्ये अकबराच्या फौजेनं नगरचा किल्ला घेतला. निजामशाही बुडाली असं सगळे समजले. त्या वेळी मलिक अंबर या हबशी सरदारानं ती पुढची पंचवीसेक वर्षं उभी ठेवली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हा माणूस. त्याच्या लढायांच्या कथा आपण ऐकतो. मला मात्र त्याची महसुलाची घडी अधिक मोठी वाटते. वसुलीचा मक्ता बोली लावणाऱ्या इजारदाराला द्यायचा आणि त्यानं रयतेला पिळून काढायचं, ही रीत त्यानं मोडली. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष आलेलं पीक पाहून सारा ठरवायचा, काही हंगामांचा अनुभव घेऊन तो रोखीत बसवायचा, आणि गावची जबाबदारी गावच्याच पाटील-कुलकर्ण्यांवर ठेवायची, अशी ती व्यवस्था होती.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. पुढच्या दहा वर्षांत निजामशाहीही संपली. राज्य गेलं, राजा गेला, वजीर गेला. तरी त्याचा धारा राहिला. पुण्याच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी तोच कित्ता गिरवला असं इतिहासकार सांगतात. राज्य बुडालं तरी कुलकर्णी दप्तर घेऊन बसलेलाच होता, पाटील बांधावर उभाच होता. त्यांच्या रोजच्या कामात जे मुरलं होतं, ते दिल्लीच्या फौजेलाही काढून नेता आलं नाही.

इथवर सांगून थांबलो तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. लागलेली सवय मोडतेही. गठ्ठे सहा राहतात, पण दर आठवड्याला ते सोडून पाहणारं कोणी उरत नाही. गोषवारा भरला जातो, पण वाचला जात नाही. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांना 'झिरो पेंडन्सी' नावाची मोहीम हाती घ्यावी लागली. पुन्हा कागदांची निवड, पुन्हा वर्गवारी, पुन्हा रोजचं काम रोज संपवण्याचा आग्रह. तीस-पस्तीस वर्षांत पुन्हा तिथंच यावं लागतं, याचा अर्थ पद्धत चुकीची होती असा नाही. विहीर एकदा खणून भागत नाही, गाळ पुन्हापुन्हा काढावा लागतो.

गाळ काढण्याची तारीखच ठरवून टाकली तर? आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ते केलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथं सरपंच झाले. बांध, चर, झाडं ही कामं अनेक गावांत झाली आणि अनेक गावांत ती पुढं वाहूनही गेली. हिवरे बाजारनं त्यावर एक वार्षिक रीत बसवली. पाऊस किती पडला ते मोजायचं, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला ठेवायचं, मग कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. उसासारख्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला बंदी. पाऊस चांगला झाला तरी ताळेबंद चुकवायचा नाही. चांगल्या वर्षातच नियम ढिला पडतो, हे त्या गावानं ओळखलं आहे.

अब्बा गेल्यावर वारस नोंदीसाठी अर्ज देण्याची पाळी माझ्यावर आली. कचेरी दुसरी, काळ दुसरा. टेबलावर संगणक होता, तरी शेजारी चिठ्ठ्या लावलेले गठ्ठे होतेच. तिथल्या तरुण मुलानं दुसरा गठ्ठा सोडला, माझा कागद काढला आणि म्हणाला, ''काका, एक अहवाल यायचाय. मी आजच स्मरणपत्र पाठवतो. पुढच्या बुधवारी या.'' मी बुधवारी गेलो, काम झालं होतं.

निघताना मी त्याला विचारलं, ''हे गठ्ठे कोणी सुरू केले, ठाऊक आहे का?''

तो हसला. ''नाही हो. मला आधीच्या भाऊसाहेबांनी दाखवलं, तसं करतो.''

त्याला लखिनांचं नाव सांगून मी बाहेर पडलो. घरी येताना वाटलं, दुकान बंद ठेवून अब्बांनी घातलेले सगळे हेलपाटे या एका दुसऱ्या गठ्ठ्यानं वाचले असते.