नगरचौकातील सहभागी शिल्पकला : शिकागोच्या 'क्राउन फाउंटन'च्या निर्मितीप्रक्रियेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नगराच्या मध्यवर्ती चौकात शिल्प उभारण्याची परंपरा प्राचीन आहे. राजा, सेनापती, संत किंवा लोकनेता यांचे पुतळे उंच चौथऱ्यावर उभे करावेत व नागरिकांनी ते खालून पाहावेत, असे या परंपरेचे स्वरूप होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र युरोप-अमेरिकेतील महानगरांत या कल्पनेला छेद गेला. चौथरा नाहीसा झाला, शिल्प जमिनीवर आले आणि पाहणारा माणूस शिल्पाचा एक घटक बनला. अशा कलाकृतीस या निबंधात 'सहभागी सार्वजनिक कला' असे म्हटले आहे. प्रेक्षकाने स्पर्श केल्याशिवाय, त्यातून चालल्याशिवाय किंवा त्यात खेळल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

या कलाप्रकारावर सौंदर्यशास्त्राच्या अंगाने बरेच लिहिले जाते. परंतु ही कलाकृती कोणी घडवून घेतली, कलावंताची निवड कोणी केली, पैसा कोणाचा होता आणि उभारणीनंतर तिच्यावर हक्क कोणाचा राहिला, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचे आहेत. शिकागो येथील मिलेनियम पार्कमध्ये २००४ साली खुले झालेले 'क्राउन फाउंटन' हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. संगीत, नृत्य, नाट्य व शिल्प यांसाठी विकसित केलेल्या नगरपरिसराचा तो एक भाग आहे. त्याच परिसरातील 'क्लाउड गेट' हे शिल्प १९५४ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे असल्याने मराठी वाचकालाही हा परिसर अगदीच परका नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) सार्वजनिक कलाकृतीचे काम कलावंताकडे सोपवण्याच्या पद्धतीत १९६७ नंतर झालेले बदल पाहणे. २) 'क्राउन फाउंटन'च्या निर्मितीतील देणगीदार, नगरप्रशासन, कलावंत व नागरिक यांच्या भूमिका स्पष्ट करणे. ३) उभारणीनंतर उद्भवलेल्या वादांच्या आधारे सार्वजनिक कलाकृतीच्या मालकीचा प्रश्न तपासणे. यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

पूर्वपीठिका : दोन चौक, दोन अनुभव

शिकागोच्या आधुनिक सार्वजनिक शिल्पकलेचा प्रारंभ १५ ऑगस्ट १९६७ या दिवसापासून मानला जातो. त्या दिवशी महापौर रिचर्ड जे. डेली यांनी पाब्लो पिकासो यांच्या, सुमारे ५० फूट उंचीच्या पोलादी शिल्पाचे अनावरण केले. शिल्पाला नाव नव्हते आणि ते कोणा थोर पुरुषाचेही नव्हते. पिकासो यांनी देऊ केलेले एक लाख डॉलरचे मानधन नाकारून आराखडा नगरवासीयांना भेट दिला होता. उभारणीचा खर्च धर्मादाय न्यासांनी केला. आरंभी या शिल्पाची भरपूर टिंगल झाली. पुढे मात्र मुले त्याच्या उतरत्या बैठकीवरून घसरगुंडी खेळू लागली आणि ते नगराचे चिन्ह बनले. येथे सहभाग योजलेला नव्हता, लोकांनी तो आपण होऊन घेतला. १९७० मध्ये न्यायालयाने या शिल्पाच्या प्रतिमेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसल्याचा निर्णय दिला. प्रतिकृती व छायाचित्रे स्वामित्वहक्काची नोंद न करता पूर्वीच प्रसिद्ध झाली होती, हे त्याचे कारण. अशा रीतीने हे शिल्प कायद्याच्या अर्थानेही सर्वांचे झाले.

याच काळात सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातील ठरावीक टक्के रक्कम कलेसाठी राखून ठेवण्याचे धोरण रूढ होत होते. फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये असा नियम केला आणि शिकागोने १९७८ मध्ये. त्यामुळे कलेसाठी निश्चित निधी व तज्ज्ञांची निवडसमिती ही पद्धत प्रस्थापित झाली.

या पद्धतीची मर्यादा न्यूयॉर्क येथे उघड झाली. संघराज्य सरकारच्या कार्यालयांसमोरील चौकासाठी रिचर्ड सेरा यांचे 'टिल्टेड आर्क' हे शिल्प १९८१ मध्ये उभारण्यात आले. १२० फूट लांब व १२ फूट उंच अशी पोलादाची ही वक्र भिंत चौकाच्या मधोमध होती. तिच्यासाठी १ लाख ७५ हजार डॉलर मोजण्यात आले होते. निवड रीतसर झाली होती, कलावंत मान्यवर होता आणि शिल्पामागील विचारही गंभीर होता. तरीही त्या कार्यालयांतील अनेक कर्मचाऱ्यांना रोजची वाट अडवणारी ही भिंत नकोशी झाली. मार्च १९८५ मध्ये झालेल्या जाहीर सुनावणीत १८० जणांनी मत मांडले. त्यांपैकी १२२ जण शिल्प ठेवावे या मताचे होते, तर ५८ जण ते हलवावे या मताचे. असे असूनही सुनावणी घेणाऱ्या मंडळाने चार विरुद्ध एक मताने ते हलवण्याची शिफारस केली. १५ मार्च १९८९ च्या रात्री ते कापून काढण्यात आले. पुढील वर्षी, १९९० मध्ये, कलाकृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध कलावंताला संरक्षण देणारा दृश्यकलावंत हक्क कायदा अमेरिकेत संमत झाला.

या दोन घटनांतून एक बाब लक्षात येते. पिकासोंच्या शिल्पाला लोकांनी कालांतराने आपलेसे केले, 'टिल्टेड आर्क'ला ती मुदत लाभली नाही. दोन्ही ठिकाणी लोकांचा विचार झाला तो शिल्प उभे राहिल्यानंतर. निर्मितीच्या टप्प्यावर नागरिक कोठेच नव्हते.

मिलेनियम पार्क व देणगीदारांचे युग :

मिशिगन सरोवराच्या काठावरील ग्रँट पार्कची जमीन इमारतींपासून मुक्त ठेवावी, असा दंडक १८३६ च्या नकाशापासून चालत आला होता. टपालाद्वारे माल विकणारे व्यापारी मॉन्टगोमेरी वॉर्ड यांनी १८९० ते १९११ या काळात न्यायालयीन लढे देऊन तो टिकवला. याच परिसराच्या वायव्य कोपऱ्यात रेल्वेचे रूळ व वाहनतळ होते. त्यांवर छत घालून नवे उद्यान करण्याची योजना महापौर रिचर्ड एम. डेली यांनी १९९८ मध्ये जाहीर केली. पिकासोंच्या शिल्पाचे अनावरण करणाऱ्या डेलींचे हे चिरंजीव.

मूळ अंदाज १५ कोटी डॉलरचा होता व उद्यान २००० साली पूर्ण व्हावयाचे होते. प्रत्यक्षात ते १६ जुलै २००४ रोजी खुले झाले व खर्च सुमारे ४७.५ कोटी डॉलरवर गेला. त्याचा मोठा वाटा खासगी देणगीदारांनी उचलला आणि उद्यानातील बहुतेक वास्तूंना त्यांची नावे मिळाली. फ्रँक गेहरी यांचे प्रिट्झकर पॅव्हिलियन आणि संगीत-नृत्यासाठीचे हॅरिस थिएटर ही त्याची उदाहरणे होत. उंचीच्या जुन्या निर्बंधातून वाट काढताना पॅव्हिलियन व फाउंटन यांची गणना इमारत म्हणून न करता कलाकृती म्हणून करण्यात आली. 'हे कलाशिल्प आहे' हे विधान येथे केवळ रसिकतेचे राहिले नाही, त्याला कायदेशीर परिणाम होता.

'क्राउन फाउंटन'ची निर्मिती :

डिसेंबर १९९९ मध्ये लेस्टर क्राउन व त्यांच्या कुटुंबाने उद्यानातील जलशिल्पाचा भार उचलण्याचे मान्य केले. त्यांनी कलावंताची निवड उद्यानाच्या अधिकाऱ्यांवर न सोपवता स्वतःच एक अनौपचारिक स्पर्धा घेतली. माया लिन यांनी जमिनीलगतची आडवी रचना सुचवली. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी सुमारे १५० फूट उंचीचे कारंजे मांडले. जानेवारी २००० मध्ये स्पॅनिश शिल्पकार जाउमे प्लेन्सा यांची निवड झाली. एकूण १ कोटी ७० लाख डॉलर खर्चापैकी १ कोटी डॉलर क्राउन व गुडमन कुटुंबांनी दिले. ही निवड कोणत्याही अर्थाने लोकशाही पद्धतीची नव्हती, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

प्लेन्सा यांची रचना वरकरणी साधी आहे. काळ्या ग्रॅनाइटच्या २३२ फूट लांब व ४८ फूट रुंद फरशीवर पाऊल भिजेल इतकाच पाण्याचा पातळ थर असतो. तिच्या दोन टोकांना काचेच्या विटांचे ५० फूट उंचीचे दोन मनोरे समोरासमोर उभे आहेत. काचेमागील दिव्यांच्या पडद्यावर माणसाचा एक भव्य चेहरा उमटतो, हलकेच पापण्या मिटतो, काही मिनिटांनी ओठांचा चंबू करतो आणि त्या ओठांतून पाण्याची धार खाली पडते. मध्ययुगीन युरोपातील वास्तूंवर व कारंज्यांवर तोंडातून पाणी सोडणारे दगडी मुखवटे असत. त्या परंपरेचा हा नवा अवतार होय. फरक एवढाच, की दगडी मुखवट्याच्या जागी येथे जिवंत नागरिकाचा चेहरा आला.

हे चेहरे मिळवण्याची प्रक्रिया या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. नगरातील सामाजिक, धार्मिक व शैक्षणिक संस्थांमार्फत इच्छुकांना आवाहन करण्यात आले. स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो या कलाशिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांनी सुमारे १००० नागरिकांचे चित्रीकरण केले. ओठ व पाण्याचे तोंड एका रेषेत यावेत यासाठी प्रत्येकाला खुर्चीत ठरावीक उंचीवर बसवावे लागे. मनोऱ्यांची तांत्रिक रचना क्रुएक अँड सेक्स्टन या स्थानिक वास्तुविशारद संस्थेने केली. अशा प्रकारे निवडीच्या टप्प्यावर अनुपस्थित असलेले नागरिक घडणीच्या टप्प्यावर मात्र प्रत्यक्ष आत आले. पुतळा होण्याचा जो मान पूर्वी राजपुरुषाला होता, तो काही मिनिटांपुरता का होईना, शिक्षिका, कामगार व विद्यार्थी अशा कोणाच्याही वाट्याला येऊ शकला.

सहभागाचा दुसरा टप्पा उद्यान खुले झाल्यावर दिसून आला. पहिल्या उन्हाळ्यापासून मुलांनी या फरशीचा ताबा घेतला. पाणी केव्हा पडेल याचा अंदाज घेत धारेखाली जाऊन थांबणे हा एक खेळच झाला. हिवाळ्यात पाणी बंद असते, चेहरे मात्र उमटत राहतात.

मालकीचा प्रश्न :

नोव्हेंबर २००६ मध्ये नगरप्रशासनाने दोन्ही मनोऱ्यांच्या माथ्यावर सुरक्षेसाठी कॅमेरे बसवले. त्यासाठीचा पैसा संघराज्य सरकारच्या सुरक्षा अनुदानातून आला होता. मनोऱ्यांच्या रचनेत सहभागी झालेल्या वास्तुविशारदांना विचारण्यात आले होते, कलावंताला मात्र नाही. नागरिक व कलाक्षेत्रातील मंडळी यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली आणि थोड्याच दिवसांत कॅमेरे उतरवण्यात आले. वाद केवळ मनोऱ्याच्या विद्रूप होण्याचा नव्हता. आपणहून चेहरा देणे आणि नकळत चेहरा टिपला जाणे यांत संमतीचा फरक आहे. ज्या शिल्पाने नागरिकाला विश्वासाने समोर बसवले, त्याच शिल्पाच्या माथ्यावरून त्याच्यावर नजर ठेवली जाणे ही विसंगती लोकांनी ओळखली.

'क्लाउड गेट'च्या संदर्भात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. पोलादाच्या १६८ पत्र्यांचे हे आरशासारखे शिल्प २००४ मध्ये अपूर्ण अवस्थेतच दाखवले गेले व मे २००६ मध्ये विधिवत अर्पण झाले. त्यात पाहणाऱ्याचे व नगराचे प्रतिबिंब पडते. परंतु २००५ मध्ये व्यावसायिक छायाचित्रकारांना परवाना व शुल्काशिवाय त्याचे छायाचित्र घेण्यास रोखण्यात आल्याने वाद झाला. २०१८ मध्ये अनिश कपूर यांनी शिल्पाची प्रतिमा परवानगीविना चित्रफितीत वापरल्याबद्दल नॅशनल रायफल असोसिएशनवर दावा दाखल केला. त्याच वर्षी तडजोड होऊन ती प्रतिमा काढण्यात आली. पिकासोंचे शिल्प १९७० च्या निर्णयाने सर्वांसाठी मुक्त झाले होते. मिलेनियम पार्कमधील शिल्प सर्वांना स्पर्श करण्यास मुक्त असले, तरी प्रतिमेवरील हक्क कलावंताकडे आहे. हा हक्क छायाचित्रकाराच्या आड येऊ शकतो, तसाच कलाकृतीचा अनिष्ट वापर रोखण्यासही तो उपयोगी पडतो. म्हणून त्यास सरसकट लोकविरोधी म्हणणे योग्य ठरणार नाही.

निष्कर्ष :

१) रीतसर निवडसमिती ही लोकमान्यतेची हमी ठरत नाही, हे 'टिल्टेड आर्क'ने दाखवले. तसेच खासगी निवडीतून आलेली कलाकृती लोकांना परकीच वाटते असेही नाही, हे 'क्राउन फाउंटन'ने दाखवले.

२) सहभागी कलाकृतीत नागरिकाला निवड, घडण व वापर या तीन टप्प्यांवर स्थान असू शकते. 'क्राउन फाउंटन'च्या बाबतीत पहिला टप्पा नागरिकांना बंद होता, पुढील दोन खुले होते. तिच्या यशाचे श्रेय या दोन टप्प्यांना बऱ्याच अंशी द्यावे लागते. मात्र या यशाच्या आधारे पहिल्या टप्प्यातील उणिवेचे समर्थन करता येत नाही. देणगीदार समंजस निघाला हा योगायोग होता, ती व्यवस्था नव्हती.

३) कलाकृतीचे काम सोपवताना केवळ आकार, खर्च व मुदत ठरवणे पुरेसे नाही. तिच्यावर पुढे काय बसवता येईल, तिची प्रतिमा कोण वापरू शकेल, देखभाल कोण करील आणि बदलापूर्वी कोणाला विचारले जाईल, हेही आरंभीच लिहून ठेवणे आवश्यक आहे. २००५ व २००६ मधील दोन्ही वाद उभारणीनंतर घेतल्या गेलेल्या निर्णयांतून निर्माण झाले.

४) सार्वजनिक जागेचा इतिहास लिहिताना अनावरणाची तारीख ही शेवटची नोंद मानली जाते. सहभागी कलेच्या बाबतीत ती पहिली नोंद मानावी लागेल, कारण पुढील इतिहास तेथे येणारे लोक घडवत असतात. त्या इतिहासाची साधने नगरपालिकेच्या दप्तरात जेवढी सापडतील, तेवढीच ती तक्रारींत, वृत्तपत्रांतील पत्रव्यवहारात व न्यायालयीन निर्णयांतही शोधावी लागतील.