बीरशेबातले कोकणकर आणि परतीचा हक्क

निर्मळहून सोपारा जवळ, भुईगावही जवळच. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, १९५६ साली, भुईगावात सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखाचा तुकडा त्याआधी १८८२ साली सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींना मिळाला होता. नववा लेख मंगलविधींबद्दल बोलतो. लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक जे विधी करतात त्यांचं फळ थोडकं. दास आणि सेवकांशी नीट वागणं हेच खरं मंगल, असं अशोक सांगतो. निर्मळच्या जत्रेला येणाऱ्या किती जणांना हा शेजारचा दगड ठाऊक आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय. आज आम्हाला हा दगड वेगळ्या कारणासाठी हवा आहे. समोरचा कोण, कुठल्या धर्माचा, हे न विचारता त्याला कसं वागवलं जातं एवढंच पाहायचं, ही कसोटी तो देतो.

गाझावर आपल्या तरुणांमध्ये जी चर्चा चालते, तिला ही कसोटी लावून पाहा. एकीकडे इस्रायलच्या प्रत्येक बॉम्बवर टाळ्या वाजवणारे आहेत. त्यातल्या अनेकांचे वैचारिक गुरू गोळवलकर. त्यांनी १९३९ साली हिटलरच्या जर्मनीने ज्यूंचं जे केलं त्यातून हिंदुस्थानने धडा घ्यावा असं लिहिलं होतं. दुसरीकडे आपलीच काही पोरं चिडून 'हिटलर बरोबर होता' लिहितात. मित्रांनो, ज्याला बाबासाहेब कळले त्याच्या बोटातून हे वाक्य उतरूच शकत नाही.

हा वाद आपल्यासाठी लांबचा नाही, कारण त्यात मराठी माणसं आहेत. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या पट्ट्यातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' ही जात देऊन टाकली. भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, असं अभिमानाने सांगतात. छळ झाला नाही हे खरं, पण जातीची पायरी मात्र मिळाली. इतकंच नाही, त्यांच्यातही 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे भेद होते. मुंबईतले बगदादी ज्यू तर या कोकणी ज्यूंना अस्सल मानायला तयार नव्हते. ज्या कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच जिल्ह्यातली ही माणसं.

१९४८ साली इस्रायल झाला आणि त्यातले बरेच जण तिकडे गेले. काहींना बीरशेबात वसवलं. वाळवंटातलं गाव, आणि वर रंगावरून हिणवणं. पांढरा पाव मागितला तर 'तुम्ही काळे, काळा पाव खा' असं ऐकावं लागलं, अशी त्यांची तक्रार होती. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यांनी ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं. मागणी काय? आम्हाला परत भारतात पाठवा. १९५२ साली शंभराहून अधिक जणांना विमानाने मुंबईला आणलं गेलं. पुढे त्यातल्या अनेकांनी पुन्हा इस्रायलला जायची खटपट केली, तीही जमली.

इथे जरा थांबा. हे बीरशेबा तोवर कोणाचं होतं? ऑक्टोबर १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने ते घेतलं तेव्हा ते अरबांचं गाव होतं. मागे राहिलेल्या बायका, मुलं, म्हातारे यांना गाझाच्या दिशेने घालवून दिलं. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क त्याच्या १३ व्या कलमात आहे. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, निर्वासितांना घरी परतू द्यावं असं सांगणारा ठराव १९४ झाला. कोकणातून गेलेल्यांना तीन वर्षांत परत येता आलं, पुन्हा जाताही आलं. बीरशेबातून निघालेले गाझातच राहिले, आणि पुढे त्यांच्या नातवंडा-पतवंडांवर बॉम्ब पडले.

मराठी ज्यूंना आम्ही दोष देत नाही. ते जिथे ठेवलं तिथे राहिले. लोद शहरातून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आलं, याचं आम्हालाही कौतुक आहे. आणि त्याच लोदमधून जुलै १९४८ मध्ये हजारो पॅलेस्टिनींना उन्हातान्हात पायी हाकललं, हेही त्याच शहराचं सत्य आहे. एका पीडिताला दुसऱ्या पीडिताच्या रिकाम्या घरात बसवायचं आणि दोघांना एकमेकांचे वैरी करायचं, हा डाव आपण आपल्या गावात पाहिलेला आहे.

स्वतःसाठी मात्र हे लोक लढले. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर आक्षेप घेतला, आधी पूर्वजांची चौकशी करा म्हटलं. शुद्ध रक्ताचा हा शोध आपल्याला काही नवा नाही. १९६४ साली बेने इस्रायली जेरुसलेमला धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये संसदेला बैठक घ्यावी लागली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांना ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर करावं लागलं आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. ज्यूंच्या राष्ट्रात ज्यूंनाच समता भांडून घ्यावी लागते, तर तिथल्या अरबाला ती आपोआप कशी मिळेल? आणि समता न देता होते ती शांतता नव्हे, बंदोबस्त. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे बाराशे माणसं मारली, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना ओलीस नेलं. तो गुन्हाच होता. त्यानंतर गाझात हजारो मुलं मारली गेली, तोही गुन्हाच. एकाचं नाव घेताना दुसरा गिळायचा नाही.

दोन्ही बाजूंना माणूस मानणारे तिथेही झाले. आपली दलित पँथर १९७२ ची. त्याच्या वर्षभर आधी, १९७१ साली, जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतल्या मोरोक्कोहून आलेल्या गरीब ज्यू पोरांनी अमेरिकेतलंच नाव घेऊन ब्लॅक पँथर काढली. पंतप्रधान गोल्डा मायर त्यांना भेटल्या आणि 'ही चांगली मुलं नाहीत' म्हणाल्या. त्यांच्यातला चार्ली बिटन १९७७ साली ज्यू आणि अरब यांच्या संयुक्त आघाडीकडून संसदेत निवडून गेला. घरात पँथरचं पोस्टर लावणाऱ्यांनी मुसरारा नकाशावर शोधून पाहावं. १९४८ पर्यंत तीही अरबांचीच वस्ती होती.