पायरीपायरीने उतरायचे औषध

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. धान, तलाव आणि जंगल यांचा हा प्रदेश. पूर्व विदर्भातल्या शेजारच्या जिल्ह्यांप्रमाणे इथेही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आढळतात. डिसेंबर २००५ मध्ये भारताने दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला, पण ती साऱ्या देशाची सरासरी होती. रोग संपलेला नाही.

कुष्ठरोगाचे जंतू मारण्यासाठी १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे. सहा महिने किंवा एक वर्षाच्या उपचाराने जंतू मरतात. परंतु काही रुग्णांना उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा तो संपल्यानंतरही एक वेगळाच त्रास होतो. जंतूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारयंत्रणा तुटून पडते. चट्टे लाल होतात, सुजतात. कोपरामागची किंवा गुडघ्याजवळची नस दुखू लागते. नसेभोवतीचे आवरण फारसे ताणत नाही, त्यामुळे सुजलेली नस आतल्या आत दाबली जाते. वेळीच सूज उतरली नाही तर बोटे वाकडी होतात, पाऊल लुळे पडते, डोळा मिटत नाही. याला ‘प्रतिक्रिया’ म्हणतात. हा दाह शमवण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले जाते.

ते देण्याची रूढ पद्धत अशी: पहिले दोन आठवडे रोज ४० मिलिग्रॅम, मग दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १० आणि ५. एकूण बारा आठवडे. अलीकडे २० आठवड्यांचा क्रमही वापरला जातो. नसेला नुकतीच इजा झालेल्या रुग्णांत २० आणि ३२ आठवड्यांची तुलना करणारी एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात याहून लांबवण्याचा जादा फायदा दिसला नाही.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. सूज आणि वेदना पहिल्या काही दिवसांतच कमी होतात. बांधीत रोवणी चालू असते, आरोग्य केंद्र लांब असते. बरे वाटत असताना गोळ्या कशाला, हा प्रश्न त्याला पडणारच. त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. ती निकामी झाली तर माणूस अशक्त होत जातो आणि अखेर दगावतो, हे लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये दाखवून दिले. या ग्रंथीत असते तरी काय, याचा शोध १९३० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन हे स्वतंत्रपणे घेत होते. दोघांनीही त्यातून अनेक पदार्थ वेगळे काढले. त्यांतल्या एकाला केंडॉल ‘संयुग ई’ म्हणत. तेच पुढे कॉर्टिझोन म्हणून प्रसिद्ध झाले.

केंडॉल ज्या मेयो क्लिनिकमध्ये काम करीत, तिथेच फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर होते. कावीळ झाली किंवा गर्भ राहिला की काही रुग्णांचा संधिवात तात्पुरता कमी होतो, हे त्यांनी हेरले होते. म्हणजे शरीरातच दाह शमवणारा काही पदार्थ असावा, असा त्यांचा तर्क होता. २१ सप्टेंबर १९४८ रोजी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला संयुग ई टोचण्यात आले. आठवडाभरात ती चालत बाजारात जाऊन आली. १९५० चे नोबेल पारितोषिक केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना मिळाले. पण औषध थांबवले की दुखणे परत येते, हेही त्या पहिल्या रुग्णांतच दिसले होते. कॉर्टिझोन आग दाबत होते, आगीचे कारण काढत नव्हते.

दुसरा धोका मात्र लक्षात यायला वेळ लागला. वास्तविक त्याची खूण आधीच मिळालेली होती. १९३७ मध्ये ड्वाइट इंगल आणि स्वतः केंडॉल यांनी उंदरांना अधिवृक्क ग्रंथीचा अर्क मोठ्या प्रमाणात दिला, तेव्हा उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी आक्रसल्या. याचे कारण समजायला सोपे आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाचे संप्रेरक सोडते. ते अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसॉल तयार करायला लावते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पीयूषिका हात आखडता घेते. बाहेरून स्टिरॉइड येत राहिले तर पीयूषिका गप्पच बसते. हुकूम मिळत नाही म्हणून अधिवृक्क ग्रंथी काम करीत नाही आणि हळूहळू सुकते.

उंदरांतले हे निरीक्षण माणसांपर्यंत पोहोचायला १५ वर्षे लागली आणि किंमतही द्यावी लागली. १९५२ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी एका तरुण रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. संधिवातासाठी त्याने कित्येक महिने कॉर्टिझोन घेतले होते. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला, तो सावरलाच नाही. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, अपघात अशा प्रसंगी निरोगी शरीर नेहमीच्या कितीतरी पट कॉर्टिसॉल तयार करते. ते या रुग्णाला जमले नाही.

मग ग्रंथी पुन्हा जागी व्हायला किती वेळ लागतो? १९६५ मध्ये ग्रँट लिडल यांच्या गटाने मोजक्या रुग्णांवर याचा माग घेतला. पहिल्या महिन्यात एसीटीएच आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी होती. पुढच्या काही महिन्यांत एसीटीएच नेहमीपेक्षाही वाढले, तरी कॉर्टिसॉल कमीच राहिले. म्हणजे हुकूम सुटत होता, पण सुकलेल्या ग्रंथीत तो पाळण्याची ताकद नव्हती. दोन्ही पूर्वपदावर यायला नऊ महिन्यांच्या आसपास काळ गेला. हे रुग्ण दीर्घकाळ स्टिरॉइडच्या प्रभावाखाली होते. थोड्या दिवसांच्या उपचारानंतर असे सहसा होत नाही.

प्रेडनिसोलोन १९५५ च्या सुमारास आले. त्याचे ५ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल. निरोगी शरीर दिवसाला साधारण तेवढेच किंवा त्याहून थोडे कमी कॉर्टिसॉल बनवते. या एका आकड्यावरून वरच्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. ४० वरून १० पर्यंत उतरताना मुख्य प्रश्न रोगाचा असतो: दाह पुन्हा उसळत तर नाही ना? ५ च्या जवळ आल्यावर दुसरा प्रश्न पुढे येतो: शरीराची ग्रंथी आपले काम हाती घेते आहे ना? म्हणूनच वरच्या पायऱ्या १० च्या आणि खालच्या ५ च्या. ज्यांना वर्षानुवर्षे स्टिरॉइड घ्यावे लागले, त्यांच्या बाबतीत शेवटच्या पायऱ्या डॉक्टर आणखी लहान करतात. कुष्ठरोगात अंगावर दुखऱ्या गाठी येणारी एक प्रतिक्रिया वारंवार उलटते. तिच्यात असे रुग्ण असतात.

वर्गात याचा आलेख जरूर काढून घ्यावा. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर रोजची मात्रा. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे एकूण औषध: १,६८० मिलिग्रॅम, म्हणजेच ५ मिलिग्रॅमच्या ३३६ गोळ्या. मुलांना क्षेत्रफळाचा एक खरा उपयोग दिसेल. त्यासोबत ही तीनशे छत्तीसावी गोळीही का घ्यायची, हा प्रश्नही पडेल.

आम्हाला हा विषय शिक्षकांपुढे मांडावासा वाटला, याला कारण आहे. स्टिरॉइडबद्दल गावात दोन टोकाच्या समजुती असतात. एक, हे औषध वाईट, लवकर सोडलेले बरे. दुसरी, याने झटपट बरे वाटते, म्हणून दुकानातून घेत राहावे. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या काही पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. असा माणूस आपण स्टिरॉइड घेतो हेच जाणत नाही. पुडी संपली की त्याला गळून गेल्यासारखे होते, उलट्या होतात, चक्कर येते. तो पुन्हा पुडी आणतो.

देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या गावात रोवणीच्या दिवसांत एखाद्या मुलाचे वडील गोळ्या सोडून देतात, तेव्हा ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी शाळेत कळण्याचा संभव असतो. मात्रा ठरवणे शिक्षकाचे काम नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका, दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी गेलात तर आपण ही गोळी घेतो किंवा अलीकडेपर्यंत घेत होतो हे सांगा, एवढे मात्र शिक्षक घरी जाऊन समजावू शकतो. नस पुन्हा सुजली आणि दिवस वाया गेले, तर वाकलेली बोटे गोळ्यांनी सरळ होतीलच असे नाही. त्याच बोटांनी पुढच्या वर्षी धानाचे पऱ्हे रोवायचे असतात.